कामाची शेवटची दहा मिनिटं

मी मालवणला बोटींची मशिनं दुरुस्त करतो. नाव दिगंबर, पण धक्क्यावर सगळे दिगूच म्हणतात. दहावीला दोनदा बसलो, दुसऱ्या खेपेला पास झालो. लिहायची सवय नाही. हे लिहितोय ते सेवरिना मॅडमनी सांगितलं म्हणून. त्या कोण, ते पुढे येईलच. एका बैठकीत लिहू नको, रोज वीस मिनिटं लिही, असं त्यांनी बजावलंय. त्यामुळे कुठे जोड दिसला तर समजून घ्या.

विलासची बोट

२००३ सालचा नोव्हेंबर. विलास म्हणजे माझ्या बायकोचा, शुभांगीचा थोरला भाऊ. त्याच्या बोटीचं मशीन सारखं गरम होत होतं. दोघा मिस्त्रींनी बघून सोडून दिलेलं. मी अर्ध्या तासात ओळखलं. पाण्याच्या पंपातलं रबरी पातं झिजलं होतं. ते बदललं आणि समुद्राचं पाणी मशीनपर्यंत आणणारा पाईप परत जोडायला घेतला. पाईपाला दोन टोकं, प्रत्येक टोकाला एक क्लिप. वरची क्लिप आवळली आणि तेवढ्यात शेजारच्या बोटीवरून हाक आली, "दिगू, वायच बघ रे." मी पाना हातात घेऊनच गेलो. तिथला बिघाड अवघड होता, म्हणजे माझ्या आवडीचा. तासभर रमलो. मग घरी जाऊन जेवलो.

खालची क्लिप आवळायची राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास बोट बरीच आत असताना तो पाईप निसटला. बोटीवर पाच माणसं होती. पाणी कुठून येतंय ते कुणाला कळेना. विलासने चालू मशीनखाली पाण्यात हात घालून चाचपडायला सुरुवात केली आणि त्याचा डावा हात पट्ट्यात गेला. दोन बोटांची पेरं गेली. बाकीच्यांनी जाळं तोडून टाकलं, भोकात कपडे कोंबले, डबे घेऊन पाणी उपसत राहिले. दुपारी दुसऱ्या बोटीने त्यांना ओढून आणलं.

मी धक्क्यावर उभा होतो. विलासला उतरवलं, हाताला लुंगी गुंडाळलेली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

लोक मला पहिल्यापासून धांदरट म्हणत होते, ते मी हसण्यावारी न्यायचो. त्या दिवसानंतर कुणी धांदरट म्हटलं नाही. कुणी हाकच मारली नाही.

बाकावर

मी हत्यारांची पेटी बंद केली आणि घरी बसलो. दोन महिने बसलो. झोप नाही, आंघोळीचं भान नाही. डोक्यात ती खालची क्लिप. शुभांगीने गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोव्यातल्या मोठ्या रुग्णालयातल्या मानसिक आजारांच्या विभागाला चिठ्ठी दिली.

त्या चिठ्ठीची भीती मला अपघातापेक्षा कमी नव्हती. सकाळच्या गोव्याच्या एसटीत मालवणचे अर्धे लोक ओळखीचे. कुणी विचारलं, खंय चललास, तर काय सांगायचं? शुभांगीने तो प्रश्न सोडवला. कुणी विचारायच्या आधी तीच सांगायची की ह्यांची तब्येत दाखवायला नेतंय. माणसं पुढे विचारत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

रुग्णालयात नऊला केसपेपर काढायचा आणि बाकावर बसायचं. नंबर कधी बारा वाजता, कधी एक वाजता. मला एका जागी बसवत नाही. मी उठून व्हरांड्यात जायचो, पाण्याची टाकी बघायचो, लिफ्ट कशाने अडते ते बघत उभा राहायचो, आणि नंबर निघून जायचा. दुसऱ्या खेपेला तिथल्या एका मावशींनी ते हेरलं. त्यांचं काम फक्त दार उघडायचं. त्या म्हणाल्या, तू फिर, तुझी पाळी आली की मी हाक मारीन. पुढे वर्षभर त्यांनी हाक मारली. त्यांचं नाव मी विचारलं होतं, पण विसरलो. ती चूक माझ्या नावावर आहेच.

पहिल्या दोन भेटींत डॉक्टरीणबाईंनी झोपेचं औषध दिलं, मन खचलंय असं सांगितलं. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं की हे क्लिपचं प्रकरण पहिल्यांदाच झालं का. मी हसलो. किती सांगू? स्टोव्हवरची कढई, दाराला राहिलेली किल्ली, स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका. शिरोड्याच्या नातेवाइकांच्या पत्रिका मी पत्ते घालून कपाटात ठेवल्या आणि टपालपेटीत टाकल्याच नाहीत. तिथली माझी मावशी अजून बोलत नाही. बाई लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी तुमच्या लहानपणी तुम्हाला ज्यांनी बघितलंय असं कुणीतरी घेऊन या.

आयेने सांगितलं ते

माझी आये बाजारात मासे विकायची. तेव्हा तिचं वय सत्तरीला टेकलेलं. ती गोव्याला आली ती नऊवारी नीट चापूनचोपून, देवळात निघाल्यासारखी. निघण्याआधी देवाला गाऱ्हाणंही घालून आली होती. ती मालवणीत बोलली, डॉक्टरीणबाई कोंकणीत, आणि कुणालाही दुभाषी लागला नाही.

"हो वायट नाय गो बाये," आये म्हणाली. "मीठ हाडूक धाडलंय, तर मिठाचो इसार पडलो. पण वाटेर कोणाची सायकल मोडलेली, ती दुरुस्त करून इलो."

बाईंनी विचारलं, शाळेत कसा होता.

"मास्तरान मारल्यान. घराक इलो की मिया मारलंय. मिया तेका खूप मारलंय, डॉक्टरणी. ता लिवन घे."

बाईंनी लिहून घेतलं. आयेला अक्षरओळख नाही. पण ती ओळ लिहून पुरी होईपर्यंत ती पेनाकडे बघत होती.

मग बाईंनी मला आजाराचं नाव सांगितलं. एडीएचडी. चार इंग्रजी अक्षरं. मुलांना असतो असं सगळ्यांना वाटतं, पण पुष्कळांच्या बाबतीत तो मूल मोठं झालं तरी बरोबर राहतो. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे लक्ष कमी आहे असं नाही, ते तुम्ही सांगाल तिथे आणि सांगाल तितका वेळ थांबत नाही. याला तुमचा आळस कारण नाही, आणि आईचं वळणही कारण नाही.

ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. छत्तीस वर्षं. बाहेर येऊन मी त्या व्हरांड्यात भिंतीवर हात आपटला. आये माझ्या बाजूला बसून राहिली आणि काही वेळाने तिने पदराला बांधलेले चणे सोडून माझ्या हातावर ठेवले. शुभांगी मात्र परत आत गेली होती. बाहेर आली ती एक चिठ्ठी घेऊन. तिने आत एकच प्रश्न विचारला होता, मग आता करायचं काय. उत्तर चिठ्ठीवर होतं: एक गोळी, आणि तळमजल्यावरची शेवटची खोली.

सेवरिना मॅडम

गोळीबद्दल थोडक्यात सांगतो. सुरुवातीला भूक मेली, तोंड सुकायचं. डॉक्टरीणबाईंनी प्रमाण बदललं, मग जमलं. गोळीने डोक्यातला गलका कमी झाला. पण गलका कमी झाला म्हणून काम कसं करायचं ते आपोआप येत नाही. ते तळमजल्यावर शिकलो.

तिथे सेवरिना मॅडम बसायच्या. पन्नाशीच्या, आखूड केस, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "मी औषध देत नाही, दिगंबर. मी तुझी कोच." मला कबड्डीचा कोच ठाऊक होता, शिट्टी वाजवून पळवणारा. म्हटलं, बघूया.

त्यांनी टेबलावर एक बंद पडलेला रॉकेलचा स्टोव्ह ठेवला आणि दुरुस्त कर म्हणाल्या. मी पंप उघडला. आतला वायसर वाळून गेला होता. तेल लावून मऊ केला, बसवला आणि त्यांना समजावून सांगू लागलो की वायसर का वाळतो. सांगता सांगता स्टोव्ह त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो उचलून उलटा केला. नट गळून टेबलावर पडला आणि घरंगळत खाली गेला.

मी त्या नटाकडे बघत राहिलो.

"बिघाड सापडला की तुझ्या डोक्यात काम संपतं," त्या म्हणाल्या. "हाताचं काम अजून दहा मिनिटं उरलेलं असतं. त्या दहा मिनिटांत तू तिथे नसतोस."

इतक्या वर्षांत मला सगळ्यांनी सांगितलं होतं की लक्ष दे. कुठे, ते पहिल्यांदा कुणी दाखवलं. मी मागे बघितलं तर सगळं त्याच दहा मिनिटांत अडकलेलं. पत्रिका लिहून झाल्या, टाकायच्या राहिल्या. दहावीचा पेपर सोडवला, शेवटचं पान उलटायचं राहिलं. खालची क्लिप.

मग आम्ही त्या दहा मिनिटांवर काम सुरू केलं. काही गोष्टी ठरल्या. आवळलेल्या प्रत्येक नटावर आणि क्लिपवर पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचा. काम संपलं असं मनाने ठरवायचं नाही, ठिपके मोठ्याने मोजायचे. एक मशीन उघडं असताना दुसऱ्याला हात लावायचा नाही. ही शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड, कारण धक्क्यावर कुणी हाक मारली आणि माणूस गेला नाही, असं होत नाही. त्यासाठी मॅडमनी मला एक वाक्य दिलं: "हातातला संपवून येतंय." ते मी त्या खोलीत वीस-पंचवीस वेळा म्हटलं. मॅडम दारात उभ्या राहून वेगवेगळ्या आवाजांत हाका मारायच्या, कधी बोटीच्या मालकाच्या, कधी शेजाऱ्याच्या, कधी चक्क आयेच्या, आणि मी स्टोव्हवरून नजर न उचलता उत्तर द्यायचो. बाहेरच्या बाकावरचे लोक हसत असणार.

दर महिन्याला गोव्याला जायचो. मधल्या दर बुधवारी दुपारी चार वाजता एसटीडी बूथवरून त्यांना फोन करायचा. त्या तीनच गोष्टी विचारायच्या. काय ठरलं होतं, काय झालं, कुठे अडलं. का अडलं, असं त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा मीच त्यांना कारण विचारलं. म्हणाल्या, 'का' विचारलं की तू सबब शोधणार, 'कुठे' विचारलं की जागा शोधशील.

धक्क्यावर काम मिळत नव्हतं, म्हणून मी घरासमोर शेड टाकली आणि पाण्याचे पंप, फवारणीची मशिनं दुरुस्त करायला घेतली. बागायतदारांना बोटीचं प्रकरण ठाऊक नव्हतं. ठिपके बघून ते विचारायचे, हे काय. मी सांगायचो, माझी सही.

शुभांगीचा ताप

दीड वर्ष चांगलं गेलं, आणि मला वाटलं मी बरा झालो. चतुर्थीच्या दिवसांत गोळ्या संपल्या. घरात गणपती, पाहुणे, भजनं. गोव्याची तारीख चुकली. एक बुधवार चुकला, मग दुसरा. पिवळा रंग डब्यात सुकला. मी तो ओला करायचे कष्ट घेतले नाहीत.

त्याच महिन्यात शुभांगीला ताप आला. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट बारा वाजता मिळणार होता आणि डॉक्टर दीडपर्यंत बसणार होते. मी सायकल काढली. वाटेत एका वाडीत विहिरीवरचा पंप धूर सोडत होता. मी उतरलो. घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते आणि रिपोर्ट माझ्याकडे नव्हता.

ती पांघरुणात कुडकुडत होती. माझे काळे हात बघून तिला कळलं. ती चिडली नाही, सावकाश बोलली.

"गोळी खाल्लात काय, ता मिया इचारायचा. फोन केलात काय, ता मिया इचारायचा. मिया तुमची आवस नाय. माका घोव व्हयो."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणला, मलेरिया निघाला. औषध एक दिवस उशिरा सुरू झालं. ती बरी झाली. पण 'मी तुमची आई नाही, मला नवरा हवा' हे तिचं बोलणं माझ्या अंगात राहिलं, आणि राहू दे असं मीच ठरवलं. ताप उतरल्यावर मी तिला म्हटलं, माझ्याबरोबर गोव्याला चल, आणि हेच मॅडमसमोर बोल. ती आली आणि बोलली.

मॅडमनी तिलाही काम दिलं. गोळी, बुधवारचा फोन आणि दवाखान्याची तारीख, या तीन गोष्टींची आठवण तिने करायची नाही. मी गोळी विसरलोय हे दिसत असलं तरी बोलायचं नाही. पहिल्या पंधरा दिवसांत मी चार दिवस गोळी चुकवली. ती समोर बसून भात वाढत होती आणि ओठ घट्ट मिटून होती. नंतर तिने सांगितलं की त्यापेक्षा ताप बरा होता. तिसऱ्या आठवड्यात मी गोळीची बाटली चहाच्या डब्याला दोरीने बांधली. चहा मी कधीच विसरत नाही.

तेव्हापासून मी 'बरा झालो' हा शब्द वापरत नाही. चष्मा लागतो त्याला आपण डोळे बरे झाले म्हणत नाही. तो चष्मा लावतो आणि कामाला जातो.

आठवा ठिपका

विलासने माझ्याशी तीन वर्षं बोलणं टाकलं होतं. भाऊबीजेला शुभांगी एकटी जायची. २००६ च्या ऑक्टोबरात एका सकाळी तो शेडसमोर उभा राहिला. त्याच्या बोटीचा पंप परत गळत होता, नेहमीचा मिस्त्री रत्नागिरीला गेलेला, आणि सोबतच्या बोटी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होत्या. त्याने हे सगळं माझ्याकडे न बघता सांगितलं.

मी पेटी उचलली. त्याच्या मागोमाग बोटीवर चढलो. विलास माझ्यासमोर उकिडवा बसला आणि जागचा हलला नाही. मी पंप उघडला, गळती काढली, बंद केला. मध्ये दोनदा हाका आल्या. दोन्ही वेळा मी म्हटलं, हातातला संपवून येतंय. शेवटी रंग काढला आणि ठिपके लावले. मग मोजायला सुरुवात करणार, तेवढ्यात मला वाटलं, आज हे मी करू नये. मी विलासला सगळी रीत सांगितली आणि म्हटलं, आठ जागा आहेत, तू मोज.

त्याने बॅटरी घेतली, मशीनवर वाकला आणि एकेका ठिपक्यावर उजव्या हाताचं बोट ठेवत गेला.

"सात आसत," तो म्हणाला. "आठवो खंय?"

मी वाकून बघितलं. पंपाच्या मागच्या बाजूचा एक बोल्ट, हाताने फिरवलेला, आवळायचा राहिलेला. गोळी, दोन-अडीच वर्षांची मेहनत, समोर विलास बसलेला, आणि तरीही तो राहिला होता.

आता हा उठून जाणार, असं मला वाटलं. विलासने पेटीतला पाना उचलला, डाव्या हातात, त्या अर्ध्या बोटांत धरून माझ्यापुढे केला.

"आवळ," तो म्हणाला.

मी आवळला, रंग लावला. त्याने परत पहिल्यापासून आठ मोजले. घरी जाऊन शुभांगीला सांगताना मला रडू आलं, आणि राहिलेल्या बोल्टची लाज मात्र वाटली नाही. चूक समुद्रात न सापडता धक्क्यावर सापडली होती. त्यासाठीच तर सगळा खटाटोप. धक्क्यावरची कामं हळूहळू परत आली.

अंकिता

गेल्या वर्षी, २००९ च्या गणपतीनंतर, सेवरिना मॅडमचा फोन आला. आता माझ्याकडे मोबाईल होता. नांदगावची एक पंधरा वर्षांची मुलगी, अंकिता, त्यांच्याकडे येत होती. निदान झालेलं, गोळी सुरू, मार्चमध्ये दहावी. दर आठवड्याला गोव्याला येणं त्या घराला जमत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, रविवारी तू बस तिच्याबरोबर. मी म्हटलं, मी मिस्त्री आहे, मास्तर नाही. त्या म्हणाल्या, मास्तर तिला पुष्कळ आहेत.

पहिल्या रविवारी बापलेक आले. बाप सदानंद, काजू-आंब्याची बाग, उंच, बोलका माणूस. त्याने मुलीच्या तक्रारी बसल्या बसल्या सांगून टाकल्या. पुस्तक उघडत नाही, डबा विसरते, छत्र्या हरवते. अंकिता जमिनीकडे बघत होती. मला माझं लहानपण दिसलं, आणि मी उत्साहाने माझं सगळं शास्त्र तिच्यापुढे मांडलं. ठिपके, मोठ्याने मोजणं, एका वेळी एकच काम. चार रविवार मी तिच्याकडून वहीत पिवळे ठिपके लावून घेतले. पाचव्या रविवारी तिने वही दाखवली. ठिपके सुंदर होते. अभ्यास शून्य.

बुधवारी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुझं अडायचं ते शेवटाला. तिचं कुठे अडतं, ते बघितलंस?"

बघितलं नव्हतं. ज्या चुकीपायी माझं बालपण गेलं, तीच मी तिच्या बाबतीत करत होतो. पुढच्या रविवारी मी काही शिकवलं नाही. तिला म्हटलं, तू तुझं कर, मी माझं करतो. ती शेडमधल्या स्टुलावर बसली, मी फवारणीचं मशीन उघडलं. पहिली दहा मिनिटं ती पेन्सिल फिरवत होती. मग माझे हात चालू झालेले बघून तिने पुस्तक उघडलं आणि अर्धा तास मान वर केली नाही. मी पाणी प्यायला उठलो, आणि तीही थांबली.

तिचं सुरुवातीला अडत होतं. शेजारी कुणीतरी स्वतःचं काम करत असलं की तिची गाडी निघायची. तिला मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपण मठ्ठ नाही याचा पुरावा मिळाल्यासारखा.

घरासाठी उपाय सोपा होता. संध्याकाळी गजराचं घड्याळ लावून वीस मिनिटं सदानंदने तिच्या शेजारी बसून काजू सोलायचे. बोलायचं नाही, विचारायचं नाही, उठायचं नाही. सदानंद म्हणाला, एवढंच ना?

दोन रविवार गेले. मी अंकिताला विचारलं, कुठे अडलं.

"बाबा पाच मिनटांत उठता," ती म्हणाली. "पयलो तोच उठता."

सदानंद हसला. म्हणाला, पंप बंद करायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी फोन आला. तिसऱ्या दिवशी काजू सोलायची सुरीच सापडेना. तो सांगत गेला आणि हळूहळू त्याचं हसू ओसरलं. बोलायची मला गरज नव्हती.

तो पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही. बाहेर आंब्याखाली बसायचा तो आता शेडमध्ये बसू लागला, काजूची पिशवी घेऊन. वीस मिनिटं होईपर्यंत त्याच्या मांड्या हलत असायच्या, पण तो बसायचा. कधी बारा मिनिटं, कधी पंधरा. फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहिल्यांदा वीस झाली. घड्याळ वाजलं आणि तो हात पुसत, मुलीकडे न बघता बोलू लागला.

"अंकू पाच वर्सांचा होता. नांदगाव स्टेशनार पावण्यांका पोचवूक गेलंय. गाडी गेली. मिया स्कूटर काढलंय आणि घराक इलंय. पोर स्टेशनारच ऱ्हवला. अर्ध्या वाटेर नाय, घराक पोचल्यार माका समाजला." तो थांबला. "बायलेक खोटाच सांगलंय, तिका थयंच खेळाक सोडलेलंय म्हणान. आजपर्यंत कोणाक बोलूक नाय."

मला अंकिताकडे बघायचं धाडस होत नव्हतं. पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "मिया बाकड्यार बसललंय. तू धावत इल्लंस. तुझ्या पायात एकच चप्पल होती."

सदानंदने तोंड हातांत झाकलं. ती उठली नाही, त्याच्या गळ्यात पडली नाही, तशी ती नाही. तिने घड्याळ परत वीस मिनिटांवर लावलं, दोघांच्या मधे ठेवलं आणि पुस्तक उघडलं. काही वेळाने त्यानेही सुरी उचलली.

आता

निकाल परवा लागला. अंकिता पास झाली. गणितात काठावर, विज्ञानात चांगली. काठावरचे मार्क तिनेच मला फोनवर आधी सांगितले.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुमच्या घरात असं कुणी असेल, किंवा ते कुणी तुम्हीच असाल, तर मी एवढंच सांगू शकतो. डॉक्टरकडे जा, लाज गाडीभाडं देत नाही. माझे ठिपके उचलू नका, आधी कुठे अडतं ते बघा. ते शोधायला मला स्टोव्ह लागला, अंकिताला स्टूल लागलं. आणि घरच्या माणसाला तुमची आठवण बनवू नका, ती त्याची शिक्षा होते.

मी आजही विसरतो. परवा एका बागायतदाराचा पंप आणायला त्याच्या घरी गेलो आणि चहा पिऊन तसाच परत आलो. अर्ध्या वाटेवरून मागे फिरलो. पूर्वी मी तीन दिवसांनी फिरलो असतो.

सदानंदने स्वतःची तपासणी आंब्याचा हंगाम संपेपर्यंत ढकलली होती. हंगाम संपला. उद्या त्याची गोव्याची पहिली तारीख आहे. तो सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि घाबरलेला आहे. त्याने मला बरोबर ये म्हणून सांगितलं, अंकिताही येणार आहे. नांदगावहून ते दोघं कुडाळला येतील, मी मालवणहून, आणि तिथे सहाची गोव्याची गाडी धरायची. म्हणजे तीन विसराळू माणसांनी दोन गाड्यांनी येऊन एका वेळी एका ठिकाणी भेटायचं. सेवरिना मॅडम ऐकून खूप हसल्या.

मी वेळेवर पोचेन की नाही, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण कपडे खुर्चीवर काढून ठेवलेत, डबा भरायचा तो सकाळी माझा मी भरणार आहे, घड्याळात दोन गजर लावलेत आणि पिशवी दाराच्या कडीला अडकवली आहे. ती काढल्याशिवाय दार उघडत नाही.